ह्यूमसाहेबांचा रानपिंगळा

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकात एका ओळीपुरते भेटते. २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले आणि त्यामागे ह्यूम नावाचे एक निवृत्त इंग्रज अधिकारी होते, एवढे पाठ केले की दोन गुण पदरात पडत. पुष्कळ जण त्यांचा उल्लेख सर ह्यूम असा करतात. ते कधीच सर नव्हते. पण ज्या माणसाची ओळखच एका ओळीत आटोपायची, त्याच्या नावामागे एखादी पदवी जादा लागली तर कोणाचे लक्ष जाणार?

माझे कुतूहल मात्र काँग्रेसच्या इतिहासातून जागे झाले नाही. ते जागे झाले एका वीतभर उंचीच्या घुबडामुळे.

सोलापूरच्या माणसाला पिंगळा कोण हे सांगावे लागत नाही. भुईकोट किल्ल्याच्या तटातल्या फटी, जुन्या वाड्यांच्या वळचणी, चिंचेच्या नाही तर कडुनिंबाच्या ढोल्या ही त्याची बिऱ्हाडे. दिवेलागणीला तारेवर येऊन बसतो, मान गर्रकन फिरवून आपल्याकडे पाहतो आणि चिरक्या आवाजात नवरा-बायकोचे कडाक्याचे भांडण चालावे तसा कलकलाट करतो. पहाटे कंदील घेऊन दारात येणारा पिंगळा जोशीही आमच्या पिढीने पाहिलेला आहे. पक्ष्याची बोली त्याला कळते आणि ती ऐकून तो घराचे भविष्य सांगतो, अशी समजूत. थोडक्यात, एरवी घुबडाच्या नावाने कपाळाला आठ्या घालणाऱ्या आपल्या समाजाने या छोट्या घुबडाला तेवढे घरात घेतलेले आहे.

या पिंगळ्याचा एक भाऊबंद सातपुड्याच्या सागवानी रानात राहतो. त्याला रानपिंगळा म्हणतात. मध्य भारताचा एक पट्टा सोडला तर तो जगात कोठेही नाही. त्याला पहिल्यांदा ओळखले ते ह्यूम यांनी, १८७३ साली. पुढे तो असा नाहीसा झाला की शंभरावर वर्षे कोणा पक्षितज्ज्ञाच्या दृष्टीस पडला नाही. (मासे खाणाऱ्या एका मोठ्या घुबडाला मराठीत हुमा म्हणतात. त्याचा या साहेबांशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. मराठी पक्षिनामांच्या अशा गमती ज्यांना हव्या असतील त्यांनी मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश उघडावा. ते जन्माने आमच्या सोलापूरचे, आणि २०२५ साली त्यांनी डोळे मिटले तेही सोलापुरातच.)

ह्यूम यांचा जन्म ४ जून १८२९ चा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटमधले जहाल सुधारणावादी सभासद. सरकारी खर्चाच्या पै-पैचा हिशेब मागण्याबद्दल प्रसिद्ध. मुलाने हिशेबाची ही खोड पुरेपूर उचलली, फक्त ती पुढे पिसांच्या आणि अंड्यांच्या बाबतीत लावली. हेलीबरीला कंपनी सरकारच्या कॉलेजात शिक्षण, थोडा वैद्यकीचा अभ्यास, आणि १८४९ मध्ये, म्हणजे विसाव्या वर्षी, बंगालच्या सनदी नोकरीत. नेमणूक झाली ती आजच्या उत्तर प्रदेशातल्या इटाव्याला. तेथे त्यांनी गावोगाव मोफत प्राथमिक शाळा काढल्या. १८५७ च्या आरंभी त्या जिल्ह्यात १८१ शाळा होत्या आणि ५,१८६ विद्यार्थी. त्यांत मुली किती? दोन. हा दोनाचा आकडाही नोंदवला गेला आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. एखाद्याने तो खुशाल गाळला असता.

मग सत्तावन्नचा उठाव झाला. ह्यूम यांना इटावा सोडून आग्र्याच्या आश्रयाला जावे लागले. काही महिन्यांनी ते परतले, जिल्ह्याची घडी बसवली, सरकारने त्यांना सी. बी. हा किताब दिला. या धामधुमीत त्यांनी तोवर जमवलेला पक्ष्यांचा संग्रह मात्र नष्ट झाला. माणसे मरत होती तेथे मेलेल्या पाखरांचे काय, असे कोणी म्हणेल, आणि त्यात चूक नाही. पण ह्यूम यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या खेपेला हात आखडता घेतला नाही.

या कामाला त्यांची सरकारी नोकरी कशी उपयोगी पडली ही एक मजेदार कथा आहे. १८६७ मध्ये ते उत्तरेकडील प्रांतांचे जकात आयुक्त झाले. त्या काळी मिठावरचा कर बुडू नये म्हणून सरकारने हिंदुस्थानच्या अंगावरून आडवे एक कुंपण घातले होते. सिंधूपासून ओरिसापर्यंत सुमारे अडीच हजार मैलांची जकातीची रेषा आणि तिच्यातल्या बऱ्याच भागात बाभळी, बोरी, निवडुंग यांची माणसाच्या दुप्पट उंचीची काटेरी भिंत. गरिबाच्या चिमूटभर मिठासाठी उभारलेले हे अजब बांधकाम पुढे १८७९ मध्ये बंद झाले. ह्यूम यांनी ते आधी अधिक पक्के केले आणि मग सांभरच्या मिठागरांबाबत रजपूत संस्थानिकांशी करार घडवून आणून ते अनावश्यक ठरवायलाही हातभार लावला. माणूस असा दोन्ही टोकांचा. पण जकातीच्या कामाने त्यांना भटकंती दिली, आणि ठिकठिकाणी नेमलेले, जंगलाच्या कडेला एकटे राहणारे, बंदूक बाळगणारे आणि वेळ कसा घालवावा या विवंचनेत असलेले अधिकारी ओळखीचे करून दिले. ह्यूम यांनी या एकलकोंड्या माणसांना पक्ष्यांच्या नादी लावले.

१८७१ मध्ये ते शेती, महसूल आणि व्यापार या नव्या खात्याचे सचिव होऊन सिमल्याला गेले. जाखू टेकडीवर त्यांनी रॉथनी कॅसल नावाचा बंगला घेतला, त्यावर पाण्यासारखा पैसा ओतला आणि त्यातच आपले संग्रहालय मांडले. देशभरातून पेट्या येऊ लागल्या. १८७२ च्या अखेरीस त्यांनी स्वतःचे नियतकालिक काढले. स्ट्रे फेदर्स, म्हणजे इकडेतिकडे पडलेली पिसे. नाव मोठे विनयाचे. संपादक तेवढे विनयशील नव्हते. कोणाची नोंद ढिसाळ वाटली की ते त्याची छापील खरडपट्टी काढीत. युरोपातल्या नामांकित पंडितांनाही त्यातून सूट नव्हती. समकालीनांनी त्यांना भारतीय पक्षिशास्त्राचे पोप म्हणायला सुरुवात केली ती निव्वळ आदरापोटी नसावी. तरी लोक लिहीत राहिले. कोणी तहसिलीत बसून, कोणी रेल्वेच्या तंबूत, कोणी लष्करी छावणीतून. १८७८ मध्ये याच पानांत डेव्हिडसन आणि वेंडेन या जोडीने दख्खनच्या पक्ष्यांची यादी दिली. दख्खन म्हणजे आपणच. आपल्या माळावरच्या चंडोल-तितरांची शिस्तशीर मोजदाद होऊन ती सिमल्याच्या टेकडीवर एका लहरी माणसाच्या टेबलावर पोचत होती, ही कल्पना मला अजून गमतीची वाटते. यांतल्या डेव्हिडसनचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

ह्यूम यांचा सगळा भर होता चिठ्ठीवर. मारलेल्या पक्ष्याचे कातडे सोलायचे, आतून विषारी लेप द्यायचा, कापूस भरायचा आणि पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायची. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या तारखेला, नर की मादी, कोणी मारला. १८७४ मध्ये त्यांनी संग्राहकांसाठी एक छोटे हस्तपुस्तकच काढले. कातडे कितीही सुरेख असो, चिठ्ठी नसेल तर शास्त्राच्या दृष्टीने ते पिसांनी मढवलेले बोंदरे. आणि चिठ्ठी खोटी असेल तर? तो प्रश्न पुढे तपशिलाने येईल.

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एक लहान घुबड मिळवले. ते ह्यूम यांच्याकडे आले. आता येथे जरा थांबून घुबडे ओळखणे म्हणजे काय ते पाहायला हवे, कारण वरवर पाहता त्या पक्ष्यात विशेष असे काहीच नव्हते. आकार साधारण पिंगळ्याएवढा, किंचित थोराड. रंग तपकिरी, डोळे पिवळे. दहा जणांना दाखवला असता तर नऊ जणांनी पिंगळा म्हणून परत केला असता. पण पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके उधळलेले असतात. याचे डोके-पाठ जवळजवळ कोरी. पिंगळ्याच्या छातीवर ठिपके-रेघांची सरमिसळ. याची छाती सलग तपकिरी आणि पोट मधोमध पांढरेशुभ्र, फक्त कुशींना आडवे पट्टे. शेपटीवर आणि पंखांवर ठसठशीत पांढरे पट्टे. डोके शरीराच्या मानाने मोठे, पाय दणकट, बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. जंगलात राहणारे दुसरे एक लहान घुबड आहे, पण ते नखशिखांत बारीक आडव्या रेघांचे. त्याच्याशीही हे जुळेना.

यांतला एखादा फरक वयाचा, ऋतूचा किंवा त्या एकट्या पक्ष्याचा असू शकतो. सगळे फरक एकाच दिशेला बोट दाखवू लागले की नवी जात मानावी लागते. ह्यूम यांच्यापुढे पक्षी होता एकच. तरीही त्यांनी निर्णय घेतला. स्ट्रे फेदर्सच्या पहिल्याच खंडात, १८७३ मध्ये, त्यांनी ही नवी जात जाहीर केली. इतकेच नव्हे, पिंगळ्याच्या घराण्यात तिला न बसवता तिच्यासाठी नवा वंश निर्माण केला. शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला आडनावासारखा, दुसरा व्यक्तीच्या नावासारखा. पिंगळ्याचे आडनाव अथीनी, ग्रीकांच्या त्या बुद्धिदेवतेवरून. तिचे वाहन म्हणा, खूण म्हणा, लहान घुबड होते आणि अथेन्सच्या चांदीच्या नाण्यांवर ते विराजमान असे. ह्यूम यांनी नव्या पक्ष्याला आडनाव दिले हेटेरोग्लॉक्स, म्हणजे वेगळे घुबड, आणि नाव दिले ब्लेविटी, ज्याने तो मिळवला त्याचे. स्वतःचे नाव त्यांनी लावले नाही. नाव देणाऱ्याने स्वतःचे नाव लावायचे नाही हा संकेतच आहे. पण पाठवणाऱ्याच्या श्रमाला मोल द्यायचे, ही त्यांची रीत होती आणि तिच्यावरच त्यांचा सगळा कारभार चालला होता.

इतर पंडितांना हा वेगळा वंश फारसा पटला नाही. पुढच्या पुस्तकांतून रानपिंगळा बहुधा अथीनीच्याच पंगतीला बसवला गेला. कोणी एक बाजू घेई, कोणी दुसरी. वाद मिटायला आणखी नमुने हवे होते आणि ते अगदी थोडे मिळाले. एक व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला १८७७ मध्ये, पूर्वेकडेच. बाकीचे १८८० नंतरच्या तीन-चार वर्षांत एकट्या डेव्हिडसनला. दख्खनहून तो आता पश्चिम खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला आला होता. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून कातडी सात. त्यानंतर काहीच नाही.

दरम्यान ह्यूम यांचे दिवस फिरले होते. शेतीखात्याकडून त्यांनी मोठ्या अपेक्षा धरल्या होत्या. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खनची चाळण केली. सोलापूर जिल्हा त्यात किती होरपळला हे आमच्याकडच्या जुन्या घरांत अजून सांगितले जाते. १८७९ मध्ये ह्यूम यांनी भारतातील शेतीसुधारणेवर पुस्तिका लिहिली. गावोगाव जळणासाठी झाडे लावा म्हणजे शेण चुलीत न जाता शेतात जाईल. कर्जबाजारी शेतकऱ्याला दिवाणी कोर्टाच्या चक्रातून सोडवा. अशा तिच्यातल्या सूचना आज वाचतानाही जुन्या वाटत नाहीत. वरिष्ठांना असा माणूस परवडत नाही. त्याच वर्षी लॉर्ड लिटनच्या सरकारने त्यांना सचिवपदावरून काढून अलाहाबादला महसूल मंडळावर धाडले. खाली ढकलण्याचेच ते सभ्य नाव. १८८२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

आता ते मोकळे होते आणि भारतीय पक्ष्यांचा महाग्रंथ लिहायला बसायचे होते. पंचवीस वर्षांची टिपणे तयार होती. हस्तलिखितांचे काही मण वजन भरेल एवढे ढीग. मधल्या काळात मादाम ब्लाव्हाट्स्कींच्या थिऑसफीचा नाद लागला आणि सुटला. नाद सुटला तरी मांसाहार आणि शिकार सुटली ती कायमची. हजारो पक्षी मारवून घेतलेल्या माणसाने बंदूक खाली ठेवली, एवढ्यावरूनही त्या मनाची उलथापालथ कळते. आणि मग १८८४ च्या हिवाळ्यात, साहेब सिमल्याबाहेर असताना, घरातल्या एका नोकराने ती सारी टिपणे सिमल्याच्या बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली.

या प्रसंगापाशी मी नेहमी अडखळतो. कोणाच्या भज्यांच्या पुड्या त्या कागदांत बांधल्या गेल्या असतील याची कल्पना करवत नाही. त्या नोकराला दोष देणेही जमत नाही. त्याच्या हिशेबी ते जुने कागद होते आणि बाजारात जुन्या कागदाला भाव होता. पंचवीस वर्षे ह्यूम यांनी दूरदूरच्या अनोळखी माणसांना नोंदीची किंमत पटवली, आणि स्वतःच्या घरातल्या माणसाला ती पटवायची राहून गेली.

ग्रंथाची उमेद तेथेच मेली. ह्यूम यांनी संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊ केला, फुकट. ते देणे आधीपासून बोलण्यात होते. लंडनचे कारभारी चालढकल करीत राहिले आणि तेवढ्या अवधीत सिमल्याच्या दमट हवेत सुमारे वीस हजार नमुने किड्यांनी खाल्ले. अखेर १८८५ च्या उन्हाळ्यात म्युझियमचे बाउड्लर शार्प स्वतः सिमल्याला आले आणि त्यांनी ८२ हजारांच्या आसपास नमुने बांधून नेले. देवदाराच्या फळ्यांच्या ४७ पेट्या. त्यांत ब्लेविटचे ते एकुलते घुबड होते, पायाला चिठ्ठीसकट. पक्ष्यांच्या संग्रहाचे इतके मोठे दान त्याआधी म्युझियमला कोणी दिले नव्हते.

पेट्या ऑगस्टमध्ये डोंगर उतरल्या. डिसेंबरात राष्ट्रीय सभा भरली. ती आधी पुण्याला व्हायची होती, पण तेथे पटकीची साथ आली म्हणून मुंबईला गेली. प्रतिनिधी ७२. ह्यूम यांच्या हेतूंबद्दल पुढे पुष्कळ शाई खर्च झाली. असंतोषाची वाफ सुरक्षित वाटेने जाऊ द्यायची, एवढाच या खटाटोपाचा उद्देश होता, असे एक मत फार वर्षे चालले. मला त्या मताचा कंटाळा येतो. ज्याला दूरदूरच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना पत्रे पाठवून, टोचून, रागावून, कौतुक करून एका कामाला जुंपण्याची पंधरा वर्षांची सवय होती, त्याने हेच कौशल्य मुंबई, पुणे, मद्रास, कलकत्त्याच्या वकील-संपादकांवर वापरले, हे मला जास्त खरे वाटते. स्ट्रे फेदर्सचे वर्गणीदार जाऊन काँग्रेसचे प्रतिनिधी आले. फटकळपणाही तोच राहिला. सरकारला तर तो झोंबलाच, कित्येक प्रतिनिधींनाही झोंबला.

१८९४ मध्ये ह्यूम यांनी हिंदुस्थान सोडला. काँग्रेसच्या सरचिटणीसपदावर त्यानंतरही त्यांचे नाव कित्येक वर्षे राहिले. लंडनमध्ये त्यांनी वनस्पतींचा छंद लावून घेतला, पक्ष्यांच्याच शिस्तीने वाळवलेल्या फुलापानांचा संग्रह केला आणि १९१० मध्ये दक्षिण लंडनला सामान्य लोकांसाठी वनस्पतिशास्त्राची एक संस्था स्वतःच्या पैशाने काढून दिली. ३१ जुलै १९१२ रोजी, ८३ व्या वर्षी ते वारले. पुढच्याच वर्षी त्यांचे चरित्र आले. लिहिणारे काँग्रेसचेच विल्यम वेडरबर्न. तेव्हापासून मराठी वाचकाला ह्यूम माहीत आहेत ते काँग्रेसवाले.

रानपिंगळ्याचे मात्र अजून संपलेले नव्हते. ह्यूम गेल्यानंतर या पक्ष्याची एकच नोंद पुस्तकांत टिकून होती. कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत, तापीकाठच्या मांडवीला एक पक्षी मारल्याची. या कर्नलचा दरारा मोठा. शूर सैनिक, हेर, पक्षितज्ज्ञ. त्याच्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार? सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला. हाती काही लागले नाही. पक्षी बहुधा नामशेष झाला, असे लोक धरून चालले.

नव्वदच्या दशकात पॅमेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिताना संग्रहालयांतले नमुने तपासत होत्या. कर्नलसाहेबांच्या नमुन्यांत काही तरी गडबड आहे, अशी कुणकुण आधीपासून होती. मांडवीच्या घुबडाचा एक्स-रे काढला. कातडे एकदा भरून, उसवून, पुन्हा भरलेले होते. प्रत्येक संग्राहकाची कातडे भरण्याची धाटणी असते, शिंप्याच्या टाक्यासारखी. आतल्या खुणा डेव्हिडसनच्या हाताच्या निघाल्या. कापसाच्या धाग्यांची तपासणी अमेरिकेच्या एफबीआयकडे गेली. निष्कर्ष असा की डेव्हिडसनने खानदेशात १८८० नंतर मिळवलेला पक्षी या गृहस्थाने ब्रिटिश म्युझियममधून चोरला, नव्याने भरला आणि पायाला स्वतःच्या नावाची, खोट्या गावाची, खोट्या सालाची चिठ्ठी बांधली. १९१४ सालची ती नोंद पुसली गेली, आणि शेवटची खरी नोंद एकदम १८८४ पर्यंत मागे गेली.

म्हणजे मांडवी बाद. उरल्या त्या ब्लेविट, बॉल आणि डेव्हिडसन यांच्या चिठ्ठ्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे त्या चिठ्ठ्यांवरची गावे शोधत निघाले. आधी पूर्वेकडे गेले. जेथे ब्लेविटचे जंगल होते तेथे आता बहुतेक शेते होती. बरेच दिवस पायपीट झाली. मग ते डेव्हिडसनच्या मुलखात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी चांगले ऊन वर आले असताना किंग यांना एका झाडाच्या उघड्या शेंड्यावर एक ठेंगणे घुबड दिसले. डोक्यावर ठिपके नव्हते. छाती सलग तपकिरी होती. ते तेथेच बसून राहिले, पाहणाऱ्यांना छायाचित्रे आणि चित्रफीत घेता येईल एवढा वेळ. ११३ वर्षांनी!

एवढा काळ तो दिसला कसा नाही, असा प्रश्न मलाही पडला होता. रानपिंगळा काही लपून राहत नाही. तो चक्क दिवसा शिकार करतो, सरडे, उंदीर, टोळ टिपतो, विरळ सागाच्या बोडक्या फांदीवर उघड्यावर बसतो आणि शेपटी झटक्याने डावी-उजवी हलवतो. उत्तर बहुधा सोपे आहे. शहाद्याच्या रानात शास्त्रज्ञ क्वचितच जात. जे आदिवासी रोज त्या रानात होते त्यांना कोणी विचारले नव्हते. आणि पुस्तकातली चिठ्ठी शोधणाऱ्याला गुजरातकडे वळवत होती.

नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळ परिसरात या पक्ष्याचे सविस्तर निरीक्षण केले. मेळघाटात तो सापडला, यावलमध्ये सापडला, मध्य प्रदेशात खांडव्याकडे सापडला. २०१४ मध्ये तर ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात, मुंबईच्या अंगणातच म्हणायचे, त्याची नोंद झाली. अस्तित्वाच्या धोक्याच्या जागतिक यादीत २०१८ मध्ये तो सर्वांत वाईट वर्गातून एक पायरी खाली आला. पण त्याच्या काळजीची कारणे होती तशीच आहेत. सागाची जुनी, ढोल्या असलेली झाडे तुटतात. रानाच्या सपाट भागात, म्हणजे नेमके त्याला लागते तेथे, पोटापाण्याची शेती सरकते. त्या शेतकऱ्याला दुसरी जमीन नाही, हे शहरात बसून विसरणे सोपे असते. जादूटोण्यासाठी घुबड मारणारे आहेतच. आम्हा सोलापूरकरांना नान्नजच्या माळढोकामुळे हे दुःख परके नाही. अभयारण्य १९७९ पासून आहे, फलक आहेत, कुंपणे आहेत. पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला.

आणि ह्यूम यांच्या त्या वेगळ्या वंशाचे काय झाले? तो निकालही २०१८ मध्येच लागला. भारतीय संशोधकांनी रानपिंगळ्याच्या डीएनएची इतर लहान घुबडांशी तुलना केली. त्यात तो स्वतंत्र वंश ठरला नाही. अथीनीच्याच शाखांमध्ये, आपल्या घरगुती पिंगळ्याच्या नात्यात त्याची जागा निघाली. हेटेरोग्लॉक्स हे आडनाव गेले. जात वेगळी, हे मात्र ह्यूम यांनी एका पक्ष्यावरून बरोबर ओळखले होते. ब्रिटिश म्युझियमचे पक्षी आता लंडनबाहेर ट्रिंग या गावी ठेवलेले असतात. अथीनी ब्लेविटी म्हणून आज जी जात ओळखली जाते, तिचा मूळ नमुना ब्लेविटने बसना-फुलझरला डिसेंबर १८७२ मध्ये मिळवलेले तेच घुबड आहे.